‘बाहेरून’ बी.ए. ते चाळीस टक्के ऑनलाइन : संमिश्र शिक्षणाच्या धोरणाची पूर्वपीठिका

मराठीत आपण सहज म्हणून जातो, ‘तिनं बाहेरून बी.ए. केलं.’ या एका ‘बाहेरून’मध्ये बरंच काही सामावलेलं असतं. नोकरी सांभाळून केलं, घरचं बघून केलं, कॉलेजचा वर्ग पाहिला नाही, परीक्षेपुरतं केंद्रावर गेली. म्हणणाऱ्याच्या आवाजात कधी कौतुक असतं, कधी थोडी शंका असते. पदवी तीच, पण ती ‘बाहेरून’ मिळवलेली.

मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं संमिश्र अध्यापनाविषयीचा एक मसुदा चर्चेसाठी खुला केला. ‘स्वयम्’वरचे अभ्यासक्रम सोडून इतर कोणत्याही विषयाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवता यावा आणि उरलेला ६० टक्के वर्गात शिकवावा, असा तो प्रस्ताव होता. त्यावर तेव्हा जी चर्चा झाली ती बहुतेक तंत्रज्ञानाची झाली. कोणतं ॲप, किती नेट, कोणाकडे फोन. आम्हाला आज या प्रस्तावाकडे इतिहासाच्या बाजूनं बघायचं आहे. कारण आजवर आपल्याकडे आतले विद्यार्थी वेगळे होते आणि बाहेरचे वेगळे होते. या प्रस्तावानं आतल्या विद्यार्थ्याला चाळीस टक्के बाहेरचा करायचं ठरवलं. मग प्रश्न असा येतो, की बाहेरच्या विद्यार्थ्याला शिकवण्याचा जो साठ वर्षांचा अनुभव या देशाजवळ होता, तो आतल्यांसाठी कोणी वापरला का?

थोडं मागे जाऊ. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठं १८५७ साली स्थापन झाली, ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. म्हणजे काय, तर विद्यापीठ शिकवत नसे. ते अभ्यासक्रम ठरवी, परीक्षा घेई आणि पदवी देई. शिकवायचं काम कॉलेजांचं. १८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.च्या पहिल्या तुकडीत न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. ते शिकले एल्फिन्स्टनमध्ये, पदवी मात्र विद्यापीठाची. विद्यापीठानं स्वतः शिकवावं, ही गोष्ट कायद्यात ठळकपणे आली ती १९०४ च्या विद्यापीठ कायद्यात.

तिकडे लंडननं १८५८ पासून आणखी एक पाऊल टाकलं होतं. कोणत्याही कॉलेजात नाव नसलं तरी परीक्षेला बसता येईल, अशी मुभा दिली. म्हणजे शिकणं एकीकडे आणि परीक्षा दुसरीकडे, ही फारकत आपल्या विद्यापीठांच्या मुळातच आहे. ऑनलाइन आल्यामुळे ती झाली नाही. परीक्षा झाली म्हणजे शिक्षण झालं, असं मानायची सवय आपल्याला दीडशे वर्षांची आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो परत येणार आहे.

स्वातंत्र्यानंतर कॉलेजात येऊ पाहणाऱ्यांची संख्या वाढली आणि जागा अपुऱ्या पडू लागल्या. तेव्हा केंद्र सरकारनं डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली आणि तिच्या विचारातून १९६२ साली दिल्ली विद्यापीठात पत्राद्वारे शिक्षणाचा विभाग सुरू झाला. पाठ छापायचे, टपालानं पाठवायचे, विद्यार्थ्यानं उत्तरं लिहून परत पाठवायची, शिक्षकानं ती तपासून शेरे मारून पुन्हा टपालात टाकायची. शिवाय सुट्ट्यांमध्ये काही दिवस प्रत्यक्ष वर्ग घ्यायचे, ज्याला पुढे ‘संपर्क सत्र’ म्हणू लागले. पुढे कोठारींच्याच अध्यक्षतेखालच्या १९६४-६६ च्या शिक्षण आयोगानं तर अशी अपेक्षा मांडली, की १९८६ पर्यंत उच्च शिक्षणातले निदान एक तृतीयांश विद्यार्थी पत्रव्यवहारानं किंवा सायंकालीन वर्गांतून शिकावेत. मुंबई विद्यापीठानं १९७१ साली आपला पत्रव्यवहार विभाग काढला.

आता बघा, कागदावर ही योजना संमिश्रच होती. छापील पाठ, लेखी गृहपाठ आणि प्रत्यक्ष भेट, असे तीन पाय. पण व्यवहारात काय झालं? पाठ छापणं सोपं असतं. एकदा लिहिले की दहा वर्षं चालतात. गृहपाठ तपासायला मात्र दरवर्षी माणूस लागतो आणि त्याला पैसे द्यावे लागतात. संपर्क सत्राला जागा लागते, शिक्षकाची सुट्टी खर्ची पडते. त्यामुळे हळूहळू अनेक ठिकाणी दोन पाय लंगडे झाले आणि पाठांचं पुडकं तेवढं उरलं. पत्रव्यवहार विभाग हा बऱ्याच विद्यापीठांना उत्पन्नाचा मार्ग झाला. विद्यार्थी फी भरे, पुडकं घेई आणि बाजारातलं गाइड वाचून परीक्षा देई. ‘बाहेरून’ या शब्दातली शंका इथून आली. ती विद्यार्थ्याच्या कष्टांवर नव्हती. संस्थेनं आपला वाटा उचलला का, याबद्दल होती.

याच काळात इंग्लंडमध्ये वेगळा प्रयोग उभा राहिला. १९६३ साली हॅरॉल्ड विल्सन यांनी ‘आकाशवाणीवरचं विद्यापीठ’ अशी कल्पना मांडली. जेनी ली या मंत्रीबाईंनी ती चिकाटीनं पुढे नेली. १९६९ साली सनद मिळाली आणि १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी आले. पण तोवर नाव बदललं होतं. ‘आकाशातलं’ गेलं आणि ‘मुक्त’ आलं. हा बदल नावापुरता नव्हता. बीबीसीवरून कार्यक्रम होतच, पण विद्यापीठाचा खरा भार होता तो काळजीपूर्वक लिहिलेल्या पुस्तकांवर, गावोगावच्या अर्धवेळ शिक्षकांवर आणि उन्हाळ्यातल्या निवासी वर्गांवर. दूरचित्रवाणी हे साधन लक्ष वेधून घेणारं होतं; विद्यार्थ्याला टिकवून धरणारा मात्र त्याचा गृहपाठ तपासणारा शिक्षक होता.

आपल्याकडे हा विचार आला तो १९८२ साली हैदराबादमध्ये. आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ, म्हणजे आजचं डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ, हे देशातलं पहिलं. त्याचे पहिले कुलगुरू प्रा. जी. राम रेड्डी हेच १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. आणि १९८९ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानं कायदा करून नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन केलं. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. ते मूळचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे इग्नूचेही झाले.

‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्या विद्यापीठाचं ब्रीद आपल्यापैकी अनेकांनी पुस्तकांच्या मलपृष्ठावर पाहिलं असेल. पण ब्रीदापेक्षा आम्हाला त्याची रचना महत्त्वाची वाटते. तीन गोष्टी बघा. एक, पुस्तकं स्वतंत्रपणे मराठीत लिहून घेतली, ती एकट्यानं वाचणाऱ्यासाठी. प्रत्येक घटकात उद्दिष्टं, मध्ये मध्ये स्वतःला तपासायचे प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरं. दोन, राज्यभर अभ्यासकेंद्रं काढली ती बहुतांशी चालू कॉलेजांच्या आणि शाळांच्या इमारतींत, रविवारी किंवा संध्याकाळी. तिथे शिकवणाऱ्याला अध्यापक न म्हणता ‘संमंत्रक’ म्हटलं, कारण पाठ पुस्तकात आहेच. त्यानं अडलेलं सोडवायचं. तीन, बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम ठेवला, म्हणजे दार उघडून उंबऱ्याशी एक पायरीही बांधली. शेतकरी, गृहिणी, पोलीस, कारखान्यातले कामगार, सेवेतले शिक्षक असे लोक या दारानं आले.

सगळी अभ्यासकेंद्रं चांगली चालली असं आम्ही म्हणणार नाही. काही ठिकाणी संमंत्रणाचे तास फक्त हजेरीपटावर झाले, हे त्या व्यवस्थेत वावरलेल्या कोणालाही ठाऊक आहे. पण रचनेत एक प्रामाणिकपणा होता. प्रत्यक्ष भेटीचे तास कमी असतील तर ते कशासाठी वापरायचे, हा प्रश्न तिथे विचारला गेला होता. आणि जो भाग शिक्षकाविना शिकायचा आहे, त्यासाठी वेगळ्या तऱ्हेनं लिहिलेलं पुस्तक लागतं, हे मान्य केलं होतं.

आता दुसरा धागा घेऊ, तो तंत्राचा. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणी पोचली. तो ग्रामीण आणि शालेय शिक्षणाचा प्रयोग होता. त्यातून आत्मविश्वास आला आणि १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगानं इन्सॅटच्या मदतीनं दूरदर्शनवर ‘देशव्यापी वर्ग’ सुरू केला. कार्यक्रम तयार करायला निरनिराळ्या विद्यापीठांत माध्यम केंद्रं निघाली, पुणे विद्यापीठातही एक निघालं. त्यातले काही कार्यक्रम फार चांगले होते. पण भाषा मुख्यतः इंग्रजी, विषय अभ्यासक्रमाबाहेरचे, आणि प्रश्न विचारायची सोय नाही. ज्या छोट्या गावातल्या विद्यार्थ्यासाठी हे चाललं होतं, त्याच्या कॉलेजच्या वेळापत्रकात या कार्यक्रमाला तासच नव्हता.

सप्टेंबर २००४ मध्ये खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ उपग्रह सोडला. यात दोन्ही बाजूंनी बोलायची सोय होती, म्हणजे मागची उणीव भरून निघायला हवी होती. पण उपग्रह वर गेल्यावर खाली लागणारी यंत्रणा, तिची दुरुस्ती, कार्यक्रम तयार करणारे लोक यांचा मेळ बसला नाही आणि २०१० मध्ये उपग्रहाचं आयुष्य संपलं तेव्हा त्याचा पुरता वापर झालाच नव्हता. २००३ पासून आयआयटी आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेनं मिळून ‘एनपीटेल’ची व्याख्यानं नेटवर आणली, ती मात्र टिकली. त्याचं एक कारण साधं आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ती थेट अभ्यासाला लागत होती. पुढे परीक्षेची आणि प्रमाणपत्राचीही सोय आली. जुलै २०१७ मध्ये ‘स्वयम्’ सुरू झालं. त्याआधीच, २०१६ च्या नियमांनी, अशा अभ्यासक्रमांतून २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घ्यायची मुभा दिली होती. २०२१ मध्ये ती ४० टक्के केली.

म्हणजे टाळेबंदी यायच्या आधी आपल्याकडे दोन परंपरा शेजारी शेजारी चालू होत्या. एक मुक्त विद्यापीठाची, पुस्तक आणि अभ्यासकेंद्राची. दुसरी प्रक्षेपणाची, उपग्रह आणि व्हिडिओची. पहिलीत माणसं जास्त लागतात, दुसरीत यंत्रं. आणि कोणत्याही खात्याला यंत्राची खरेदी दाखवणं सोपं जातं.

मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली. २९ एप्रिलच्या मार्गदर्शक सूचनांत आयोगानं म्हटलं, की विद्यापीठांनी सुमारे २५ टक्के अभ्यासक्रम ऑनलाइन आणि ७५ टक्के समोरासमोर शिकवायची तयारी ठेवावी. प्रत्यक्षात पुढचं दीड वर्ष जवळपास सगळंच ऑनलाइन झालं. त्या वेळी कोणाकडे काय होतं? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार देशातल्या २३.८ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, खेड्यांत १४.९ टक्के, शहरांत ४२ टक्के. संगणक खेड्यांतल्या फक्त ४.४ टक्के घरांत. फोन होता, पण घरात एक, आणि तो वडलांबरोबर कामावर जाणारा. झूमवर तास झाला, असं नोंदवहीत लिहिलं गेलं. तो कोणापर्यंत पोचला, हा रकाना नोंदवहीत नव्हता.

आणि मग परीक्षा. इथे तो जुना मुद्दा परत येतो. महाराष्ट्र सरकारनं जून २०२० मध्ये अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याचं ठरवलं. ६ जुलैला आयोगानं सांगितलं, परीक्षा सप्टेंबरअखेर घ्याच. ऑनलाइन, लेखी किंवा दोन्हींचं मिश्रण करून. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ ऑगस्ट २०२० च्या निकालात न्यायालयानं आयोगाचं म्हणणं उचलून धरलं. परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. राज्यांना वाटल्यास त्यांनी मुदतवाढ मागावी. त्यानंतर राज्यातल्या विद्यापीठांनी घाईघाईनं बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा घेतल्या. आम्ही त्या वेळच्या विद्यापीठ कर्मचाऱ्यांना दोष देत नाही. त्यांनी रात्रंदिवस काम केलं. पण एक गोष्ट डोळ्यांसमोर आली. शिकणं कसं झालं यावर कोणी न्यायालयात गेलं नाही. परीक्षा होणार की नाही, यावर सगळा देश भांडला. २०२२ मध्ये लेखी परीक्षा परत आल्या तेव्हा काही ठिकाणी विद्यार्थ्यांनी ऑनलाइन परीक्षेसाठी आंदोलनं केली. त्यांना आळशी म्हणून मोकळं होता येतं. पण ज्यांना दीड वर्ष लिहायचा सराव मिळाला नव्हता, त्यांची भीती खरी होती.

या पार्श्वभूमीवर तो चाळीस टक्क्यांचा प्रस्ताव आला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं संमिश्र शिक्षणाचा पुरस्कार केलाच होता. कल्पना म्हणून आमचा तिला विरोध नाही, उलट पाठिंबा आहे. रोज दोन एसटी बदलून कॉलेजला येणाऱ्या मुलीला आठवड्यातले दोन दिवस घरून अभ्यास करता आला, तर तिचा वेळ आणि पासाचे पैसे वाचतील. पण कोणते चाळीस टक्के, हे ठरवायचं कोणी? रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला विचारा. तो सांगेल, सिद्धान्ताचा काही भाग घरी वाचता येईल. अनुमापन करताना रंग कधी बदलतो ते हातानंच शिकावं लागतं. मराठीच्या प्राध्यापकाला विचारा. कवीचा काळ घरी वाचता येईल. कविता मात्र वर्गात वाचायला हवी. हा निर्णय विषयागणिक, घटकागणिक करायचा आहे. अनेक ठिकाणी तो वेळापत्रक करणाऱ्यानं केला, कारण दोन विभागांना एक खोली पुरत नव्हती.

‘बाहेरून’ घेतलेल्या पदवीचं काय होऊ शकतं, तेही सांगायला हवं. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काही अभिमत विद्यापीठांनी पत्रव्यवहारानं दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांविषयी निकाल दिला. २००१ ते २००५ दरम्यान प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या, त्यांना पुन्हा परीक्षा द्यावी लागली. त्यानंतरच्यांच्या रद्दच झाल्या. त्या पदव्यांवर नोकऱ्या आणि बढत्या मिळालेले लोक होते. चूक संस्थांची आणि परवानगी देणाऱ्यांची, पण किंमत विद्यार्थ्यानं मोजली. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगानं स्पष्ट केलं, की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे. चांगलं झालं. पण कागदावरची बरोबरी लोकांच्या मनात उतरायला शिक्षणाचा दर्जा लागतो, परिपत्रक पुरत नाही.

मग साठ वर्षांच्या या अनुभवातून संमिश्र शिक्षण राबवणाऱ्या कॉलेजानं काय घ्यावं? आम्हाला चार गोष्टी दिसतात.

पहिली, घरी शिकायचा भाग लिहिलेला असावा. वर्गातल्या व्याख्यानाचं तासाभराचं चित्रण म्हणजे स्वयंअध्ययनाचं साहित्य नव्हे. नेटशिवाय उघडेल, छापून घेता येईल आणि मराठीत असेल, असं काही विद्यार्थ्याच्या हाती हवं. नाशिकची जुनी पुस्तकं यासाठी समोर ठेवून बघावीत.

दुसरी, विद्यार्थ्यानं लिहिलेलं कोणीतरी वाचायला हवं. पत्रव्यवहारातला पहिला पाय हाच मोडला होता. बहुपर्यायी प्रश्न यंत्र तपासतं, म्हणून तेच वाढत जातात. पंधरा ओळींचं उत्तर वाचून त्यावर दोन ओळींचा शेरा लिहिणं, हे आजही शिकवण्यातलं सगळ्यात महाग आणि सगळ्यात उपयोगी काम आहे.

तिसरी, त्या कामाचे तास मोजले जावेत. पाठ तयार करणं, शंका सोडवणं, गृहपाठ तपासणं हे शिक्षकाच्या कार्यभारात धरलं नाही, तर ते होणार नाही. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना तर फक्त घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. तास चित्रित केला आणि तोच तीन वर्षं वापरला, तर त्या माणसाच्या पोटाचं काय? हा प्रश्न कोणत्याही आराखड्यात आधी लिहिला पाहिजे.

चौथी, उरलेले साठ टक्के जपायला हवेत. प्रत्यक्ष वेळ कमी झाला की तो व्याख्यानात घालवायचा नसतो. संमंत्रक ही कल्पना इथे उपयोगी आहे. पुस्तक घरी वाचून यायचं आणि वर्गात अडलेलं सोडवायचं, हातानं करायचं, वाद घालायचा.

महाराष्ट्रात नवं शैक्षणिक धोरण स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालं. म्हणजे ही घडी आत्ता बसते आहे. तुमच्यापैकी जे पालक आहेत, शिक्षक आहेत, व्यवस्थापनात आहेत, त्यांनी आपापल्या कॉलेजात जाऊन एक साधी चौकशी करावी. कोणत्या विषयाचा कोणता भाग ऑनलाइन ठेवला आहे, तो कोणी ठरवला, आणि त्या भागावर विद्यार्थ्यानं लिहिलेलं कोण तपासतं? या तीन प्रश्नांची उत्तरं एका कागदावर मिळाली, तर तिथे धोरण राबवलं जातंय असं समजा. मिळाली नाहीत, तर तिथे पत्रव्यवहार विभागाचं तेच पुडकं फक्त फोनवर आलेलं आहे.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.